ताईच्या व्हॅनचा झटका

सोमवार, ४ एप्रिल

व्हॅन परत आली. पुन्हा!

निरोप अर्थातच बायकोकडून, तेमालेतीकडून. ती नीरफणसाखाली येऊन उभी राहिली आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "ताई म्हणाल्या, दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना अजून तसाच झटका देते. ताई म्हणाल्या, जमत नसेल तर तसं सांग, शहरात नेते."

जमत नसेल!

या गावात चाक असलेली एकही वस्तू नाही जी या झाडाखाली उताणी पडलेली नाही. पाद्रीसाहेबांची जीप, माकाची बस, मेलेल्यांना नेणारी गाडीसुद्धा. कुठल्या शाळेत शिकलो नाही. वादळात एका टॅक्सीवर माड पडला, मालक कपाळाला हात लावून बसला, आणि मी तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चटईवर उलगडला. चकत्या, वाट्या, झडपा, स्प्रिंगा — कांद्याचे पापुद्रे सोलावेत तशा एकात एक. परत बसवला तेव्हा दोन तुकडे उरले. पुन्हा उलगडला. एक उरला. पुन्हा उलगडला. मग चालला. ती माझी शाळा.

आणि थोरली बहीण म्हणते, जमत नसेल तर! स्वतः बालवाडी चालवते म्हणून मलाही छोट्या गटात बसवलं.

दुपारी स्वतः चालवली, खाडीपर्यंत आणि परत. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा — गिअर आपोआप पडत गेले, नारळाच्या दुधात बोट फिरवावं तसे. झटका कुठाय? नाचता येईना अंगण वाकडं!

हे फक्त इथे लिहितो. बहिणीबद्दल असं तोंडाने बोललो असतो तर आई थडग्यातून उठून आली असती.


बुधवार, ६ एप्रिल

तेलापासून सुरुवात. नेहमी तेलापासूनच करावी. ताप आला की आधी जीभ बघतात तसं.

इंजिन तापवलं, चालू ठेवलं, लिव्हर सगळ्या घरांतून फिरवून आणला, मग डिपस्टिक काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. तेल लाल. स्वच्छ. जळका वास नाही. बोटांत चोळलं — मस्त घसरतं, कच नाही. पातळी दोन खुणांच्या मधोमध. म्हणजे आतल्या चकत्या जळालेल्या नाहीत. तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे गिअरबॉक्सची.

मग इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे जाते ती केबल पाहिली. पायाने रेस किती दिली हे तीच गिअरबॉक्सला सांगते. सैल असली की गिअर चुकीच्या वेळी पडतो. सैल नव्हती. तरी एक आटा आवळला, मनाच्या समाधानासाठी.

पाठवून दिली. निरोप: "चालवून बघ म्हणावं."


गुरुवार, ७ एप्रिल

निरोप आला. "तसंच आहे."

दोन शब्द. कष्टांची किंमत दोन शब्द!


शनिवार, ९ एप्रिल

आज डोकं फिरवलं ते भाच्याने.

फेलेती सकाळी व्हॅन घेऊन आला, किल्ली माझ्याकडे टाकली आणि जाताना माझा जॅक, नवा पान्यांचा डबा आणि उमूतून, जमिनीतल्या भट्टीतून, नुकतीच काढलेली डुकराची तंगडी घेऊन गेला. विचारलं नाही. विचारायचं नसतंच. बहिणीचा मुलगा आहे — मामाच्या घरातलं सगळं त्याचं. मी पण माझ्या मामाची होडी अशीच नेली होती, तेव्हा हा रिवाज मला फार आवडायचा.

पण जॅक? गाडी मी काय दातांनी उचलू?

तेमालेती म्हणाली, "तंगडीचं दुःख जास्त आहे की जॅकचं, ते आधी ठरवा."

जॅकशिवाय जे होतं ते केलं. डॅशबोर्डखाली दोन टोकं तारेने जोडली की चौथ्या गिअरचा दिवा लुकलुकतो. काही बिघडलं असेल तर अडखळत लुकलुकतो, नसेल तर एकसारखा. एकसारखा लुकलुकला. वेगाची तार पाहिली. खाऱ्या हवेने टोक हिरवं झालं होतं, घासून चकचकीत केलं. मग ब्रेक गच्च दाबून, लिव्हर डी-वर ठेवून पूर्ण रेस दिली — इंजिन किती फिरतं ते बघायला. जेवढं फिरायला हवं तेवढंच. आत काही घसरत नाही.

मग काय भुताटकी आहे?


रविवार, १० एप्रिल

लाज गेली.

प्रार्थना संपली. मेच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये पोरांचा बालदिन असतो, त्याच्या तालमीसाठी ताईच्या व्हॅनमध्ये बालवाडीची पोरं कोंबलेली होती. ती बसली, सुरू केली, आणि व्हॅनने अशी उडी मारली की चर्चच्या पायरीशी रचलेले चुना लावलेले दगड दोन्हीकडे उधळले. पुढचा बंपर पायरीला टेकला. पोरं रडली. एकाच्या ओठाला लागलं. त्याची आई धावत आली, आणि तिने आधी पोराकडे नाही, माझ्याकडे बघितलं!

सगळ्या गावाने माझ्याकडे बघितलं. चर्चसाठी कमरेला गुंडाळलेली चटई घट्ट धरून उभा राहिलो. नवी चटई होती, तिच्यामागे लपता येत नाही.

माका म्हणाला, "सामिसोनी, तुझी गाडी चर्चमध्ये शिरायची घाई करते बघ. मालकापेक्षा देवभोळी आहे." लोक हसले. पाद्रीसाहेबसुद्धा, खाली मान घालून.

ताई उतरली. तोल गेला तिचा, दाराला धरून उभी राहिली. घाबरली असणार. माझ्याकडे एकदाच पाहिलं. आम्ही बहीण-भाऊ समोरासमोर बोलतच नाही, रिवाज आहे. ती पोरांना उतरवायला वळली.

आणि रविवार! पान्याला हात लावायचा नाही. अंगणात व्हॅन उभी, आत माझी अब्रू कुठेतरी अडकलेली, आणि मी दिवसभर हातावर हात ठेवून शिजवलेली अळूची पानं चघळत बसलो. देवाने सहा दिवसांत जग केलं, ठीक आहे. त्याच्याकडे गिऱ्हाईकं नव्हती.


मंगळवार, १२ एप्रिल

जॅक मागून आणला. माझाच जॅक, मागून!

गिअरबॉक्सचा चेंबर उतरवला. तळाशी लोहचुंबक असतं, त्यावर काय चिकटलंय ते बघायचं. पितळेचा कण दिसला, चकतीचा काळा तुकडा दिसला, तर समजावं की गेला. दिसली फक्त करडी लव, मांजरीच्या कानामागे असते तशी. वयाची. माझ्याही कानात आहे.

गाळणी धुतली, नवं तेल घातलं. एक माउंटिंग फाटलेलं मिळालं — गिअरबॉक्स ज्या रबरावर बसतो ते. हेच! म्हणून ओरडलो. तेमालेती स्वयंपाकघरातून पळत आली, तिला वाटलं बोट कापलं.

माउंटिंग बदललं. तीनदा खाडीपर्यंत चालवली. लोणी!


बुधवार, १३ एप्रिल

"तसंच आहे. उलट जास्त."


शुक्रवार, १५ एप्रिल

आज जे केलं ते कुणी शहाणा करत नाही. मागच्या वाडीतल्या मोडीत काढलेल्या व्हॅनमधून झडपांचा अख्खा ठोकळा काढला — गिअर कधी बदलायचा हे ठरवणारा मेंदूच तो — आणि ताईच्या व्हॅनमध्ये बसवला. चांगला मेंदू काढून दुसरा घातला. डोकेदुखीवर डोकं बदलण्यासारखं.

हात सोलपटले. पाठ गेली.

संध्याकाळी फेलेती नेऊन परत आला. दारातच म्हणाला, "मामा, आई म्हणते काही फरक नाही." आणि आमच्या झाडाचे दोन नीरफणस काखेत मारले.

मी म्हणालो, "तू चालवतोस तेव्हा देते का झटका?"

"मला नाही देत."

"मला पण देत नाही!"

"मग आईलाच का देते?" असं विचारून गेला. जणू गिअरबॉक्सचं आणि तिचं भांडण आहे आणि मी गिअरबॉक्सच्या बाजूने.


शनिवार, १६ एप्रिल

बैठकीत कावा, ते मुळांचं कडसर पेय, प्यायला गेलो. चूक झाली. वाटीबरोबर टोमणा. माका म्हणतो, त्याच्या बसला खोकला झालाय पण तो आता पाद्रीसाहेबांना दाखवणार, माझ्यापेक्षा त्यांची प्रार्थना लवकर लागू पडते.

या माकाच्या बसचा ब्रेक दर महिन्याला जळायचा. सगळं बदललं होतं. शेवटी त्याच्या शेजारी बसलो आणि दोन वळणांत पकडलं — डावा पाय कायम ब्रेकवर टेकवून चालवायचा, कोंबडी अंड्यावर बसते तसा. तेव्हापासून माझा नियम आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो: पाना उचलण्याआधी चालवणाऱ्याच्या शेजारी बस.

उपकार विसरला मेला.


सोमवार, १८ एप्रिल

माझाच नियम तेमालेतीने माझ्या तोंडावर मारला.

"माकाच्या शेजारी बसलात. पाद्रीसाहेबांच्या बसलात. ताईंच्या का नाही बसत?"

माहीत असून विचारते! बहीण जाणती झाली की भावाने तिच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. ती आली की मी मागच्या दाराने बाहेर. ती बसली असेल तिथे मी बसत नाही, ती ऐकेल असा पाचकळ विनोद करत नाही, तिच्या कपड्यांकडे, तब्येतीकडे, शरीराकडे विषय जाऊ देत नाही. आजकालची पोरं हसतात. हसू देत. आणि व्हॅन म्हणजे काय? चार चाकांची खोलीच. त्यात ती चालवणार, आणि मी गुडघ्याला गुडघा लावून तिच्या पायांकडे बघत बसणार? त्यापेक्षा व्हॅन समुद्रात ढकलेन.

"मग मी बसते," म्हणाली.

गेली. तासाभराने आली, चेहरा पांढरा. मी वही-पेन्सिल घेऊन तयार. झटका नेमका कधी? रेस देताना की सोडताना? चढावर की सपाटीवर?

"मला काय ठाऊक. मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते."

"सगळा वेळ?"

"वळणावर उघडले होते. मग लगेच मिटले."

अशी साक्षीदार! एवढंच सांगितलं की ताई एवढ्या उकाड्यात जाड काळे पायमोजे घालते, बूट काढून ठेवते आणि मोज्यांवर चालवते. आमच्यात आयुष्यभर अनवाणी हिंडलेली बाई आता मोजे घालते. शहराची हवा. मी गिअरबॉक्सबद्दल विचारतो आणि ही मोज्यांबद्दल सांगते.


गुरुवार, २१ एप्रिल

बालदिनाचा रविवार जवळ आला. आता रोज तालीम. खाडीपलीकडच्या वस्तीवरून ताई पोरं आणते, पाठ करून घेते, परत सोडते. पांढरे कपडे, वचनं, गाणी. वर्षभर त्या लेकरांना ह्याच दिवसाचे वेध.

आज व्हॅन खाडीच्या पुलाच्या तोंडाशी अशी उसळली की मागचा दरवाजा उघडला. पोरं पडली नाहीत. नशीब.

मी निरोप धाडला: "व्हॅन चालवू नकोस म्हणावं. मी सांगेपर्यंत."

उत्तर आलं: "मग मुलं काय पोहत येतील? भावाला म्हणावं, बहिणीला हुकूम सोडण्यापेक्षा गाडी दुरुस्त कर."

खरंय, मी तिला हुकूम देऊ शकत नाही. मान तिचा मोठा. पण एखादं पोर रस्त्यावर पडलं तर गाव तिला बोलणार नाही. म्हणतील, सामिसोनीने हात लावलेली गाडी. झोप येत नाही रागाने. तेल लाल, चुंबक स्वच्छ, केबल ताठ, झडपा बदललेल्या — आणि पोरं दरवाज्यातून लोंबकळतायत!


सोमवार, २५ एप्रिल

सापडलं! सापडलं!!

शेजारी बसायचं नाही ना? मग मागून तर जाता येतं! एवढी साधी गोष्ट. माकाच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसलो, त्याला म्हटलं, ताईच्या व्हॅनमागे चल, फार जवळ जाऊ नकोस.

सपाट रस्ता. पुढे गाय नाही, माणूस नाही. व्हॅन वेग घेतेय — आणि तिचे मागचे लाल दिवे लागतायत! ब्रेकचे! लागले, विझले, लागले. वेग वाढतोय आणि ब्रेकही चालू. प्रत्येक वेळी व्हॅन गचका खाते, पोरांची डोकी एकदम पुढे, एकदम मागे, वाऱ्यात अळूची पानं डुलावीत तशी.

रेस आणि ब्रेक एकाच वेळी! बिचारा गिअरबॉक्स काय करणार? एक पाय म्हणतो पळ, दुसरा म्हणतो थांब. तो तिसरा टाकतो, परत दुसरा, परत तिसरा. नवरा-बायकोच्या मध्ये सापडलेल्या सासूसारखा!

मी सीटवर हात आपटला आणि मोठ्याने म्हणालो, "दोष गाडीत नाही! चालवणारीत आहे! दोन्ही पायांनी चालवते बाई, तुझ्यासारखी!"

माका एवढा हसला की बस गवतात गेली.

तीन आठवडे! चांगला झडपांचा ठोकळा काढून फेकला मी! पाठ मोडली, अब्रू गेली, आणि एवढ्यासाठी!

रात्री कावा गोड लागला.


मंगळवार, २६ एप्रिल

आज सगळं लिहितो.

माकाचं तोंड म्हणजे फुटका माठ. सकाळपर्यंत गावभर झालं — सामिसोनी आपल्या बहिणीला म्हणाला, दोष तिच्यात आहे. भाऊ बहिणीबद्दल असं बोलला, तेही माकाच्या बसमध्ये!

फेलेती आला. बसला नाही. व्हॅनची किल्ली माझ्या पायाशी टाकली.

"माझ्या आईचं नाव कावाच्या वाटीत बुडवलंत, मामा."

मी म्हणालो, मी डोळ्यांनी पाहिलं. तो म्हणाला, "तुम्ही आधी तुमची गळती बघा. तेल आत गळतंय गाडीच्या. रोज संध्याकाळी आईच्या पायाखालची मॅट मी धुतो. लाल तेल. तिच्या मोज्यांना लागतं म्हणून ती चिडते, पण तुमचं नाव सांगत नाही."

मला हसूच आलं रागाने. गिअरबॉक्सचं तेल गाडीच्या आत? ते काय शिडी लावून वर चढलं? खाली गिअरबॉक्स, मध्ये पत्रा, वर गालिचा. थेंब जरी आत आला तरी मी माझं नाव बदलेन. तूच बाटली सांडली असशील गाढवा, आणि नाव माझं घेतोस! असं बरंच बोललो. तो मळ्याकडे निघून गेला.

मग खरंच बघायला वाकलो. रेसच्या पेडलच्या पायथ्याशी मॅटवर डाग होता. वरून तपकिरी, वाळलेला. पांढरं फडकं ओलं करून दाबलं. लाल उमटलं.

वास घेतला. तेलाचा वास मला झोपेतही ओळखू येतो. हा नव्हता.

बोटांत चोळलं. तेल घसरतं. हे चिकटलं.

डागाला आकार होता. पावलाच्या पुढच्या फुगीर भागाचा. आणि तसाच, फिकट, ब्रेकच्या पेडलच्या कडेला. एकाच पायाचा. दोन पाय नव्हतेच. एकच पाय, आपण कुठे टेकलोय हे न कळणारा, दोन्ही पेडलांवर पडणारा पाय.



दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला. तीन आठवडे मी पखालच डागत बसलो. चर्चच्या पायरीशी तोल गेला तिचा, पाहिलं. मोजे, ऐकले. तिला साखरेचा आजार आहे, हे गावाला माहीत, मलाही माहीत — पण भावाने बहिणीच्या शरीराचा विषय काढायचा नाही ना! नियम पाळला मी. छान पाळला!

तेमालेतीला हाक मारली आणि व्हॅन घेऊन ताईच्या घरी गेलो. उंबऱ्याशी पाय थांबले. सवय. तेमालेती आत गेली. मी अंगणात उभा. आधी ताईचा चढा आवाज, मग तेमालेतीचा रडका. मग तेमालेती बाहेर आली, तोंडावर पदरासारखा टॉवेल धरून. तळव्याला भोक आहे म्हणाली. शिंपल्याचा जुना तुकडा रुतून बसलाय आत. नाताळपासून असावा. ताईला माहीतच नाही कधी रुतला. साखरेने पाय बधिर झालेत, दुखत नाही. म्हणून रक्त थांबलं की नवा मोजा घालायचा, एवढंच.

"आणि झटका?" मी विचारलं. मला तेच विचारावंसं वाटलं, मूर्खासारखं.

"त्यांना खरंच वाटतंय गाडीच देते. पाय दाबलेला कळतच नाही त्यांना."

फेलेती मळ्यात. उचलायला दुसरं कोणी नाही. मी उंबरा ओलांडला. ताईने मान फिरवली, मीही फिरवली, आणि तिला उचललं. केवढी हलकी झालीय.

मागच्या सीटवर बसवली, शेजारी तेमालेती. पुढे बसल्यावर आरशात तिचा चेहरा दिसायला लागला, म्हणून आरसा छताकडे वळवून टाकला. इस्पितळापर्यंत मागचं न बघता चालवली.

राग अजून आहे. फक्त कुणावर, ते कळत नाहीये.


गुरुवार, २८ एप्रिल

ताईच्या पायाची दोन बोटं कापली. पाऊल वाचेल म्हणतात, अजून थोडे दिवस गेले असते तर गुडघ्यापर्यंत पाय गेला असता.

फेलेती रात्रभर इस्पितळाच्या पायरीवर होता. मी पण, दुसऱ्या टोकाला. पहाटे माझ्याकडे सरकला आणि पाण्याची बाटली दिली. त्याने मला काही दिलं, हे पहिल्यांदाच.

नर्सकडून तेमालेतीला कळलं की ताईने सगळ्यांना बजावलंय — गावात कुणाला सांगायचं नाही. पायाला गळू झालंय म्हणायचं. पोरांच्या आयांना कळलं तर म्हणतील, पायात जीव नसताना आमची लेकरं नेत होती. आणि म्हणतील ते खोटं नाही, म्हणूनच नको.


रविवार, १ मे

पोरं मी आणली. सगळी. खाडीपलीकडून, दोन फेऱ्यांत. पांढऱ्या कपड्यांत मागे बसून वचनं घोकत होती. एक वेणीवाली पुढे वाकून म्हणाली, "आजोबा, तुमची गाडी आज उड्या का नाही मारत?"

"दमलीय," म्हटलं.

चर्चमध्ये बाया माझ्याकडे बघत होत्या. बहिणीला नावं ठेवणारा. बहिणीचं गळूसुद्धा ह्याच्याच गाडीच्या त्रासाने, असंही एक वाक्य कानावर आलं. बोलू देत.

छोटी पोरं पाठ म्हणताना अडली की ताईच्या रिकाम्या जागेकडे बघायची. आणि तरी म्हणायची.


शनिवार, १४ मे

ताईला घरी आणलं. ती मागे, तेमालेती शेजारी, पाय चटईखाली झाकलेला. आरसा छताकडे.

वळणावर माकाची बस आडवी. काचा उघड्या. तो ओरडला, "काय सामिसोनी, आता तू ड्रायव्हर? शेवटी दोष कुणात निघाला, गाडीत की चालवणारीत?" बसमधले सगळे ऐकत होते.

"गिअरबॉक्स," मी म्हणालो. "आतून पूर्ण गेलेला होता. ताई पहिल्यापासून बरोबर सांगत होती. मलाच जमलं नाही."

बसमध्ये हसू पिकलं. मी रेस दिली.

बऱ्याच वेळाने मागून आवाज आला. तेमालेतीचा नाही.

"सामिसोनी, आरसा नीट कर. मागचं दिसायला नको का तुला?"

आरसा सरळ केला. दुसऱ्यातून तिसऱ्यात कधी गेली, कळलंही नाही.